गुलाबी ड्रिल

टेबलावर ठेवलेलं ड्रिल मशीन गुलाबी होतं. मृणाली दारातच थांबली. लग्नाच्या हॉलमधल्या खुर्च्यांना मागून सॅटिनच्या फिती बांधतात, तसला तो गुलाबी. बाजूला पांढरं फूल, फुलाखाली वळणदार अक्षरांत ‘सखी’. सुजय चहाचा कप घेऊन तिच्याच खुर्चीच्या हातावर टेकला होता. पुण्याहून आलेला मार्केटिंगचा प्रमुख. "ये, ये. तुझं बाळ आलंय बघ," तो म्हणाला. या कंपनीतले पुरुष प्रत्येक मशीनला बाळ म्हणतात हे तिने पूर्वीच टिपून ठेवलं होतं. ज्यांनी आयुष्यात एक लंगोट धुतलेला नाही, त्यांना बाळाचा फार उमाळा. तिने मशीन उचललं. हाताला ते लगेच ओळखता आलं, कारण त्याची मूठ तिने स्वतःच्या पंजावर मेण थापून, कानशीने घासून, पुन्हा थापून घडवली होती; इथल्या कुणालाही बाईच्या पंजाचं माप माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यायची गरजही वाटली नव्हती. पण आज मुठीच्या पुढचा भाग हलका लागला. नाक कापल्यासारखा. तिने बिट बसवतात तो चक आणि बॉडी यांच्या मध्ये बोट ठेवून पाहिलं, मग खणातून स्क्रू ड्रायव्हर काढला आणि उभ्यानेच मशीन उघडलं. सुजय म्हणाला, "अगं, स्टेजवर न्यायचा पीस आहे तो." आत दांड्यावर गिअर सरळ ठोकून बसवला होता. क्लच नव्हता.

तो क्लच तिचा होता. गिअर आणि दांडा यांच्या मध्ये छर्ऱ्यांचं एक कडं, त्याच्यामागे स्प्रिंगचा दाब. लोखंडाला भोक पाडताना बिटाचं टोक अडकलं की छर्रे आपापल्या खळग्यांतून उसळून बाहेर यायचे, गिअर नुसताच कटकटत फिरत राहायचा आणि मशीन धरणाऱ्याचं मनगट होतं तिथे राहायचं. मोठ्या, महागड्या मशीनमध्ये असलं काहीतरी असतंच. तिने ते मुठीएवढ्या स्वस्त मशीनमध्ये बसवून दाखवलं होतं. जागाच नाही, असं सगळ्यांनी सांगितलं होतं. तिने जागा काढली होती.

"हे कोणी काढलं?"

"कोणी म्हणजे काय, सगळ्यांनी मिळून. तू आईच्या मोतीबिंदूसाठी रजेवर होतीस तेव्हा मीटिंग झाली." सुजयने चहा संपवला. "हे बघ, बायका घरात काय करणार? फ्रेम लावणार, पडद्याचा रॉड लावणार. त्यांना क्लच कशाला? मशीन छोटं झालं, हलकं झालं, स्वस्त झालं. हातात किती गोड दिसतंय!"

"आणि अडकलं तर?"

"लाकडात अडकत नाही गं."

"लोखंडाला लावलं तर?"

"लोखंडाला कोण लावणार? गृहिणी?" तो मनापासून हसला. "चल, आवर. पेणला पोचायचंय. महिला दिन आहे, हॉल भरलेला असणार. स्त्रीने बनवलेलं, स्त्रीसाठी. तू स्टेजवर हवीस."

राजीनामा तोंडावर फेकता येतो हे तिला ठाऊक होतं. फेकणारी माणसं तिने पाहिली होती आणि नंतर तीच माणसं गोड बोलत परत आलेलीही पाहिली होती. तिने मशीनचे स्क्रू परत लावले, नीट, एकही तिरका नाही, आणि सुजयच्या गाडीत जाऊन बसली. सकाळी घरून निघताना आपण चांगला कुर्ता घातलाय, इस्त्रीचा, कारण आज फोटो निघणार, हे तिला गाडीत बसल्यावर आठवलं आणि तिने मनातल्या तुच्छ माणसांच्या यादीत स्वतःचीही नोंद करून टाकली. मोठी यादी होती ती. वर्कशॉपच्या पहिल्या दिवशी तिच्या हातातून कानस काढून घेऊन ‘तू रीडिंग लिही’ म्हणणारे सर. तिचं डिझाइन पाहून ‘कोणाची मदत घेतली?’ असं अगदी प्रेमाने विचारणारा जुना मॅनेजर. मुलगी यंत्रं बनवते म्हटल्यावर ‘शिलाई मशीन का?’ असं विचारणारी आत्या. माणसांना तुच्छ लेखणं हे मृणालीला लहानपणापासून जमत आलेलं होतं. दुसऱ्या मुलींना गाणं जमतं तसं. त्यात तिला श्रम पडत नसत. उलट, त्याने अंगात एक प्रकारचा ताठा यायचा, पाठ सरळ राहायची, रडू येत नसे. रोह्याहून गाडी भिसे खिंडीत चढली तेव्हा सुजय फोनवर कुणाला तरी सांगत होता, "आदिवासी बाई मिळाली तर बेस्ट. नऊवारी नको, साधी साडी. हो, हो, हातात मशीन." त्याची मान मागून गोरी, तुळतुळीत होती, नुकतीच न्हाव्याकडे कोरून घेतलेली. या मानेने कधी काही उचललेलं नाही, तिला वाटलं. मग वाटलं, माझ्या मानेने तरी काय उचललंय? आणि मग वाटलं, हे असले प्रामाणिक प्रश्न स्वतःला विचारणं हीसुद्धा एक चैनच.

वडखळच्या अलीकडे डोलवीच्या कारखान्याच्या चिमण्या दिसू लागल्या आणि खाडीचा मचूळ वास काचा बंद असूनही आत आला. या वासात ती वाढली होती. वडील, जनू, आधी मिठागरावर होते आणि मग वडखळकडच्या एका ठेकेदाराच्या शेडमध्ये लागले. पत्र्याखाली दिवसभर लोखंडी अँगलना भोकं पाडायची. ती शाळेत असताना एकदा ते भरदुपारीच घरी आले, हात गमछ्याने गळ्यात बांधलेला. बिट अडकलं होतं. बिट अडकलं, मशीन फिरलं आणि मशीनबरोबर मनगट. "माझाच हात चुकला," ते आईला म्हणाले. शेजाऱ्यांना म्हणाले. ठेकेदार बिस्किटांचा पुडा घेऊन आला तर त्यालाही, उठून बसत, "शेठ, माझाच हात चुकला." मृणाली कोपऱ्यात गृहपाठ करत बसली होती. तिला त्यांची दया आली नाही. तिला राग आला, इतका की वहीवर पेनाचं टोक मोडलं. अडकल्यावर ज्याला थांबता येत नाही ते यंत्र मूर्ख, आणि त्या मूर्खाच्या वतीने माफी मागणारा हा माणूस त्याहून मूर्ख. असं तिच्या मनात स्पष्ट, शब्दांत आलं होतं. हाड वाकडं जुळलं. पुढे वडील डाव्या हाताने चमच्याने जेवायला शिकले, भात सांडायचा, आणि तो सांडलेला भात पाहून तिला दर वेळी तेच वाक्य ऐकू यायचं. नंतर कंपनीत लोक विचारायचे, ही क्लचची कल्पना सुचली कशी? ती सांगायची, अभ्यास केला. खरं सांगितलं असतं तर त्यांनी डोळ्यांत पाणी आणलं असतं, आणि त्या पाण्याचा तिला फार तिटकारा होता.

रामवाडीतला हॉल खरोखरच भरला होता. बचत गटांच्या बायका, फुगे, पंख्याने फडफडणारा बॅनर, त्यावर मृणालीचा फोटो, गाल गोरे करून. पहिल्याच रांगेत तिची आई, चंद्रावती, डोळ्याला काळा चष्मा, कपाटातली ठेवणीतली साडी. "बघ गो, मी पन आली," आई लांबूनच ओरडली. शेजारणीला कोपराने ढोसून तिने मुलगी दाखवली. मृणालीने हात हलवला आणि तिला त्या क्षणी सगळ्या हॉलची एकदम शिसारी आली: त्या फुग्यांची, मिळालेल्या वेफर्सच्या पाकिटांची, टाळ्यांची. कशालाही टाळ्या वाजवतात या. सुजयने माइक घेतला. स्त्री म्हणजे शक्ती, तो म्हणाला; टाळ्या. स्त्री आता कोणावर अवलंबून नाही, तो म्हणाला, टाळ्या. मग त्याने मृणालीला शाल दिली, श्रीफळ दिलं आणि ती ते घेऊन, फोटोसाठी मान किंचित कलती करून उभी राहिली. तिने मान कलती केली होती. कुणी सांगितलं नव्हतं.

"आता आपल्यातल्याच एका ताईंना वर बोलावू," सुजय म्हणाला. ठरवून ठेवलेलीच बाई वर आली. पारी तिचं नाव. डोंगराकडच्या वाडीवरची, काळीसावळी, कडक दंडांची, वय सांगता येणार नाही अशी. पेणमध्ये एका ग्रिलवाल्याच्या दुकानात ती हाताखाली काम करायची, लोखंड उचलायचं, रंग मारायचा. सुजयने तिच्या हातात गुलाबी मशीन दिलं, पुढे लाकडाची फळी ठेवली. पारीने ट्रिगर दाबला, फळीला भोक पडलं, टाळ्या पडल्या. "आणि हे मशीन ताईंना कंपनीकडून भेट!" पुन्हा टाळ्या. सगळं इथेच संपलं असतं. पण पारीने मशीन उलटसुलट करून पाहिलं आणि माइककडे न बघता विचारलं, "लाकडाचं काय घेऊन बसलाव? आमच्याकडं लोखंड असतंय. लोखंडाला चालंल का नाय?"

सुजय फुलला. "का नाही चालणार? आणा रे काहीतरी!" हॉलच्या मागे कसलंसं काम चाललं होतं, तिथून पत्र्याच्या दोन पट्ट्या आल्या. एकीवर एक ठेवून त्या टेबलाला आवळण्यात आल्या. पातळ पट्ट्या, त्याही एकमेकींवर सैल. बिट दुसऱ्या पट्टीतून बाहेर पडताना हमखास अडकणार. हे ओळखायला मृणालीला वेळ लागला नाही. तिने पारीच्या मनगटाकडे पाहिलं. काचेच्या हिरव्या बांगड्या. पुढे काय होईल याचं चित्र तिच्या डोळ्यांपुढे इतकं स्वच्छ आलं की तिला स्वतःचीच भीती वाटली, कारण त्या चित्रात तिला काहीतरी समाधानही मिळत होतं. होऊ दे. बघू दे या सगळ्यांना. वाजवू दे टाळ्या. एवढा वेळ ती तशीच उभी राहिली, काखेत नारळ धरून, आणि पारीने बिट पट्टीवर टेकवलंसुद्धा.

"थांबा."

तिचा आवाज माइकशिवायही मोठा आला. तिने नारळ टेबलावर ठेवला, शाल काढून नारळावर टाकली आणि पारीच्या हातातून मशीन घेतलं. सुजय दात न विलगता पुटपुटला, "मृणाली, नंतर बोलू." तिने ऐकलं नाही. "मागं सरका," ती पहिल्या रांगेला म्हणाली. "आई, तू पण. खुर्ची मागं घे." हात मोडून दाखवायचा, असा एक नाटकी विचार आला होता मनात, तो तिने हाकलला. हात मोडून घेणाऱ्यांची या घराण्यात कमतरता नव्हती. मशीन सतत चालू ठेवायचं एक बटण असतं, ते तिने दाबलं, मूठ दोन बोटांत सैल धरली आणि बिट पट्टीवर टेकवलं. लोखंडाचा किस उडाला. वरची पट्टी गेली. खालचीत बिट शिरलं, किंचाळलं, अडकलं, आणि तिने हात काढून घेतला.

मग मशीनच फिरू लागलं. बिट जागेवर आणि सबंध गुलाबी धूड त्याच्याभोवती गरगर, फुलासकट, नावासकट. त्याने टेबलावरचा पाण्याचा जग उडवला, शाल गुंडाळून घेतली, वायर स्वतःभोवती लपेटत लपेटत मागचा विजेचा बोर्ड फरफटत आणला, बोर्डाने बॅनरचा बांबू ओढला आणि बॅनर वाकत वाकत सुजयच्या अंगावर आला. शेवटी पिन उपटली गेली तेव्हा ते थांबलं.  फक्त नारळ स्टेजच्या पायऱ्यांवरून खाली उतरत होता.

"या मुठीला तुमचा हात असता," मृणाली म्हणाली. "हे न होण्यासाठी आत एक भाग असतो. तो मी बनवला होता. कंपनीने काढून टाकला, कारण तुम्ही बायका. बास, एवढंच." तिला वाटलं होतं आता काहीतरी होईल. कुणी उठेल, कुणी सुजयला जाब विचारेल. मागच्या रांगेत एक बाई फिस्सकन हसली, मग बऱ्याच जणी हसल्या, बॅनरखालून सुजयचं डोकं बाहेर येत होतं म्हणून. चारी बाजूंनी मोबाइल वर धरलेले होते. आणि आई, काळ्या चष्म्यातून कुठे बघत होती कळत नव्हतं, पण ती उठून दाराकडे निघाली होती. "सगल्यांसमोर सायबाची इज्जत काढलीस," बाहेर आल्यावर ती म्हणाली. "मी मोठ्या तोंडानं सगल्यांना घेऊन आली होती. नोकरी गेली आता. झाला समाधान?" पारी पायरीवर बसून चपला घालत होती. तिने वर पाहिलं. मृणालीला वाटलं, ही तरी समजेल. पारी म्हणाली, "फुकट भेटत होती मशीन. तुझ्यामुळं गेली."

पुढचे दिवस मृणाली घरात बसून होती. कंपनीने ‘येऊ नका, कळवू’ असं कळवलं होतं. आईने अबोला धरला होता, पण ताट वेळेवर वाढत होती. फिरणाऱ्या मशीनचा व्हिडिओ पेण, रोहे, अलिबागच्या सगळ्या ग्रुपवर फिरला. त्यावर कुणीतरी ढोलकीचं संगीत घातलं होतं. क्लचबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. मृणाली तो पुन्हा पुन्हा बघायची आणि बघणाऱ्यांना तुच्छ लेखायची. पण आता त्यातून पाठ सरळ होत नव्हती. पूर्वी ती गोष्ट अंगात चहासारखी चढायची. आता नुसतीच पोटात पडून राहायची. आपण त्या बायकांना वाचवलं असं एकदा मनात आलं, तेव्हा तिला ते चित्र आठवलं, आणि ‘थांबा’ म्हणण्याआधीचा तो थोडासा वेळ. पारीला ते माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं.

एका दुपारी पारीच दारात आली. काखेत गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी. "तुझं घर शोधत आली," ती म्हणाली आणि न विचारता ओट्यावर बसली. गोणपाटातून जुनं, तेलकट ड्रिल निघालं. "दुकानातली हाय. शेठ जेवायला गेलाय, ही आणलेली त्याला ठाव नाय. ह्यात हाय का बघ, तू त्या दिवशी बोललीस तो भाग?"

मृणालीने जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं आणि मशीन उघडलं. ग्रीसचा काळा लगदा पुसून काढला. गिअर सरळ दांड्यावर. "नाही."

"मग घाल."

"याच्यात जागा नाही. आधीपासून धरून बनवावं लागतं."

"म्हणजे तुला येतंय पण होत नाय." पारीने हे अगदी साधेपणाने म्हटलं, भाजी संपली म्हणावं तसं. मृणालीच्या कानशिलात रक्त चढलं, आणि नेमका तेव्हाच सुजयचा फोन आला.

तो गोड बोलत होता. म्हणजे वर कुणीतरी त्याच्याशी कडू बोललं होतं. दुकानदार माल परत पाठवत होते. "एक व्हिडिओ करू," तो म्हणाला. "तू फक्त सांगायचं की त्या दिवशी जे झालं ती आमची ठरवून केलेली चाचणी होती. सुरक्षिततेसाठी. तुझा क्लच घालतो पुढच्या मालात. आणि तू कामावर परत. सगळे खूश."

"नंतर सांगते," म्हणून तिने फोन ठेवला. हात ग्रीसने काळे झाले होते, फोनही.

"कोन?" पारीने विचारलं.

"कंपनीचा साहेब. म्हणतो, माझ्यासाठी खोटं बोल, मग तो भाग घालतो."

"मग बोल की."

"असं कसं बोलू? लोकांनी पाहिलंय. तोंडावर पडायचं? ज्यांनी केलं त्यांचीच बाजू घ्यायची?"

पारीने तिच्याकडे पाहिलं. ती नजर मृणाली चांगली ओळखत होती. ती तिची स्वतःची होती, आरशातली. "मी रोज बोलते खोटं," पारी म्हणाली. "आत्ता शेठला सांगून आली, पोराला ताप हाय. पोर हुंदडतंय वाडीवर. त्यात माझं काय गेलं?" तिने घाईने मशीनचे तुकडे गोणपाटाकडे ओढले. "बंद करून दे ही. शेठ येल."

मृणालीने मशीन बंद केलं. स्क्रू आवळताना तिला जाणवलं की आपल्याकडे इतकी वर्षं जो ताठा होता, तो फक्त आपला होता. त्याने एकही बिट थांबलं नव्हतं, एकही मनगट वाचलं नव्हतं. पारी गेल्यावर तिने हात न धुताच सुजयला फोन लावला. आवाज शांत होता. व्हिडिओ करते, पण आधी नमुना माझ्या हातात, ती म्हणाली. स्वस्तातल्या मशीनमध्येसुद्धा क्लच, फक्त महागात नाही. विकलेली मशीनं परत घ्यायची. आणि व्हिडिओत भोक पाडायला पत्र्याच्या पट्ट्या मी आणणार. सुजय म्हणाला, "रंग तरी तोच ठेवू दे." "ठेवा," ती म्हणाली. "रंग तुमचा."

नमुना यायला उशीर झाला. तो आल्यावर तिने तो उघडून पाहिला, बंद केला, पुन्हा उघडला. रोह्याच्या कारखान्यात मागे पांढरा कपडा लावून कॅमेरा मांडला होता. आईने सकाळी काही न बोलता डबा दिला होता. मृणालीने दोन सैल पट्ट्या आवळल्या, या वेळी मूठ पूर्ण हातात धरली, घट्ट, आणि ट्रिगर दाबला. वरची पट्टी गेली. खालची. बिट अडकलं, छर्रे उसळले, मशीन जागच्या जागी कटकटत राहिलं आणि तिचं मनगट हललं नाही. शेडमधले फिटर काम थांबवून बघत होते. तिने चेहरा कोरा ठेवला, कारण तो सांभाळला नसता तर काय झालं असतं याची तिला खात्री नव्हती.

"सुंदर!" कॅमेऱ्यामागून सुजय म्हणाला. "आता ते वाक्य."

तिने एकदा सभोवार पाहिलं. कॅमेऱ्यावर वाकलेल्या सुजयची कोरलेली मान, मागचा पांढरा कपडा, भिंतीवरची सुरक्षेची पाटी, सगळं नेहमीइतकंच हास्यास्पद होतं. "पेणला तुम्ही जे पाहिलंत," ती म्हणाली, "ती आ... ती आमची ठरवून केलेली चाचणी होती."

"चालेल," सुजय म्हणाला. "कळतसुद्धा नाही."

"कळतं," मृणाली म्हणाली. "‘आमची’वर अडखळले. पुन्हा घ्या."